जळगावच्या पोहण्याच्या टँकवरची महिला बॅच: पैसे भरण्याआधी लेन किती लांबीची ते विचारा

जळगावात मे महिन्यात दुपारी चार वाजता पारा ४५ ला टेकलेला असतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. नेमका तोच तास आमच्या भागातल्या टँकवाल्यांनी बायकांना दिला आहे. सकाळचे गार तास पुरुषांचे, संध्याकाळ मुलांच्या कोचिंगची, आणि मधला रखरखीत तास आमचा. टँकचं नाव लिहीत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या एकट्या याच टँकच्या आहेत असं मला वाटत नाही. पण बॅचबद्दल सविस्तर लिहिते. मी चौकशी करत होते तेव्हा "चांगलं आहे, जा" यापलीकडे कोणी काही सांगत नव्हतं.

थोडक्यात हवं असेल तर: शिकवणं उत्तम, पाणी स्वच्छ, वेळ वाईट. आणि अंतरासाठी भांडावं लागलं. या शेवटच्या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते महिला बॅच पारखायची ती त्यावरच.

आधी पाणी. फिल्टर रोज चालतो. माझी परीक्षा साधी आहे: खोल बाजूला काठावर उभं राहायचं आणि तळाची काळी पट्टी बघायची. तिची कड धारदार दिसली तर उतरायचं, पसरट दिसली तर घरी जायचं. इथे बहुतेक दिवस धारदार दिसते. क्लोरीन शनिवार-रविवारनंतर जास्त असतं, डोळे चुरचुरतात, म्हणून गॉगल हवाच. आपल्याकडचं पाणी मुळात जड, त्यात क्लोरीन, त्यामुळे केसांची पार सुतळी होते. उतरण्याआधी साध्या पाण्यानं केस ओले करून खोबरेल लावायचं आणि वर सिलिकॉनची कॅप घालायची. कापडी कॅपनं काही होत नाही.

चेंजिंग रूम दोन आहेत, त्यातल्या एकीची कडी नीट लागत नाही. सांगून झालं, रजिस्टरमध्ये लिहून झालं, कडी तशीच आहे. शॉवरला पाणी असतं. टँकच्या तिन्ही बाजूंनी केळीच्या रोपवाटिकेला लावतात तीच हिरवी शेडनेट ताणली आहे, त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही आणि थोडी सावलीही मिळते.

आता सूट. पहिल्या दिवशी निम्म्या बायका याच प्रश्नावर परत जातात, म्हणून नीट सांगते. सुती सलवार-कुडता चालत नाही आणि टँकवाल्यांचं यात काही चुकत नाही. सुती कापड पाणी पितं, जड होतं, पाय खाली ओढतं आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. नायलॉन-लायक्राचा गुडघ्यापर्यंतचा, अर्ध्या बाह्यांचा सूट चालतो. बॅचमधल्या बऱ्याच जणींना वाटतं की गुडघ्यापर्यंतचा सूट हा गावाकडच्या लाजाळू बायकांचा, खऱ्या पोहणाऱ्या कमी कपड्यांत पोहतात. तसं काही नाही. २००८ साली सबंध अंग आवळून धरणारे, पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा पदार्थ) वापरलेले सूट आले आणि विक्रम पत्त्यांसारखे कोसळायला लागले. २००९ च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. शेवटी २०१० पासून नियम झाला: सूट कापडाचाच हवा, पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि बायकांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभ्या असलेल्या बायकांचे सूट बघा, बहुतेक गुडघ्यापर्यंतचेच दिसतील.

आणि कपड्यांवरून बायकांना अडवणं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. एथेल्डा ब्लाइबट्रे नावाच्या अमेरिकन मुलीला १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर अटक झाली होती, कारण पोहायला उतरताना तिनं पायातले लांब मोजे काढले होते. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये तिनं १०० मीटर, ३०० मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेतली. बायकांसाठी फ्रीस्टाइलच्या (हव्या त्या पद्धतीनं पोहायच्या) तेवढ्याच शर्यती होत्या, तिन्ही तिनं जिंकल्या.

शिकवणाऱ्या कोचताई पंचविशीतल्या आहेत. स्वतः स्पर्धेत पोहलेल्या. त्या काठावर शिट्टी घेऊन बसत नाहीत, पाण्यात उतरतात. माझी अडचण अशी होती की दहा हात मारले की कंबर बुडायची आणि पाय तळाकडे जायचे. त्यांनी माझ्या पोटाखाली तळहात ठेवला, डोकं पाण्यात दाबलं आणि म्हणाल्या, "मॅडम, समोर बघू नका, खाली तळाकडे बघा. मान वर केली की कंबर खाली जाणारच." मान खाली गेली आणि कंबर खरंच आपोआप वर आली. मग श्वास. सगळ्या बायका श्वास घ्यायला अख्खं डोकं पाण्याबाहेर काढतात. ताईंचं म्हणणं, एक गॉगल पाण्यात राहिला पाहिजे, एकच बाहेर. कान पुढच्या दंडाला टेकलेला. आणि हवा पाण्यात असतानाच नाकातोंडानं सोडून द्यायची, तोंड बाहेर आलं की फक्त आत घ्यायची. बाहेर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही करायला गेलं की दम लागतो. आमच्यात साठीच्या एक आत्या आहेत, त्या पहिल्या आठवड्यात काठ धरून म्हणायच्या, "मन्हा दम निंघी गया वं माय!" आता त्या चार फेऱ्या न थांबता मारतात.

लाथ गुडघ्यातून मारू नये, मांडीतून मारावी, हेही इथेच कळलं. दोन मांड्यांमध्ये फोमचा ठोकळा धरून नुसते हात मारायला लावतात, म्हणजे पाय तरंगते राहतात आणि हाताकडे लक्ष देता येतं. कोपर उंच, बोटं आधी पाण्यात, मग पाणी धरून मागे न्यायचं. एकेका बाईजवळ जाऊन दंड हातात धरून शिकवतात. या बाबतीत मला एकही खोट काढता येत नाही.

आता मूळ मुद्दा. टँक २५ मीटरचा. पण महिलांच्या वेळेत खोल बाजूला दोर आडवा बांधून टाकायचे आणि आम्हाला उथळ अर्धा मिळायचा, म्हणजे जेमतेम १२ मीटर. आठ-दहा हात मारले की दोर आला. श्वासाची लय लागायला जेवढं अंतर लागतं तेवढ्यात भिंत. शिकणाऱ्यांना उथळ बाजू हवीच, त्यात वाद नाही. पण ज्यांना पोहता येऊ लागलं त्यांनाही तेवढंच. मी काउंटरवर पूर्ण लांबीची एक लेन मागितली तर मॅनेजर म्हणाले, "ताई, बायकांना कशाला हवं एवढं अंतर? चार हात मारले तरी व्यायाम होतो."

हे वाक्य मला फार लागलं, कारण बायकांच्या फ्रीस्टाइलचा सगळा इतिहास या एका वाक्याशी भांडण्याचा इतिहास आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुलींना खेळांची माहिती सांगायची म्हणून हे सगळं वाचलेलं होतं. पण अंगावर आलं ते त्या काउंटरवर.

ऑलिंपिकमध्ये बायकांना पोहायला मिळालं १९१२ साली, स्टॉकहोमला. पुरुषांना फ्रीस्टाइलच्या १००, ४०० आणि १५०० मीटरच्या शर्यती होत्या. बायकांना फक्त १०० मीटर आणि एक रिले. सिडनीची फॅनी ड्युरॅक १ मिनिट २२.२ सेकंदांत पहिली आली, तिचीच मैत्रीण मिना वायली दुसरी. अमेरिकेनं तर त्या वर्षी बायकांचा पोहण्याचा संघच पाठवला नाही. १९२० ला ३०० मीटर आलं, १९२४ ला त्याचं ४०० झालं. आणि तिथेच गाडी थांबली. पुढे ४० हून अधिक वर्षं ऑलिंपिकमध्ये बाईचं सगळ्यात लांब अंतर ४०० मीटर होतं. १९६८ ला मेक्सिकोत २०० आणि ८०० मीटर वाढवलं आणि डेबी मेयर या १६ वर्षांच्या मुलीनं २००, ४०० आणि ८०० तिन्ही जिंकून दाखवलं. चार जणींची ४ बाय २०० मीटरची रिले पुरुषांना १९०८ पासून होती, बायकांना ती १९९६ ला मिळाली.

आणि १५०० मीटर? पुरुषांना १९०८ पासून. बायकांना टोकियोला, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली. मधल्या काळात ही शर्यत हुकलेल्या बायका कोण होत्या ते बघा म्हणजे चीड येते. ऑस्ट्रेलियाच्या शेन गुल्डनं १९७१ च्या डिसेंबरमध्ये १५ व्या वर्षी १५०० मीटरचा विश्वविक्रम केला, १७ मिनिटं ०.६ सेकंद. त्यानंतर लवकरच १०० पासून १५०० पर्यंत फ्रीस्टाइलचे सगळे विश्वविक्रम एकाच वेळी तिच्या नावावर होते. पुढच्या वर्षी म्युनिकला ती पाच पदकं घेऊन आली, त्यात तीन सुवर्ण. पण १५०० मीटरला उतरायची सोय तिथे नव्हती. मग अमेरिकेची जॅनेट इव्हान्स. लहानखुरी, हात पवनचक्कीसारखे सरळ फिरवणारी. तिनं १९८८ मध्ये केलेला १५०० मीटरचा विक्रम, १५ मिनिटं ५२.१० सेकंद, १९ वर्षं कोणी मोडू शकलं नाही. तिलाही ऑलिंपिकमध्ये ही शर्यत पोहायला मिळाली नाही. विक्रम नोंदवून घेत होते, २००१ पासून जागतिक स्पर्धेत शर्यतही होती, आणि ऑलिंपिकमध्ये मात्र बाईला ८०० मीटरच पुरे असा हिशेब आणखी २० वर्षं चालला.

टोकियोची ती सकाळ आम्ही मायलेकींनी मोबाइलवर बघितली होती. २८ जुलै २०२१. अमेरिकेची केटी लेडेकी २०० मीटरच्या अंतिम फेरीत पाचवी आली, ऑस्ट्रेलियाच्या आरियार्न टिटमसनं ती जिंकली. साधारण तासाभरानं लेडेकी पुन्हा पाण्यात उतरली आणि बायकांची पहिली ऑलिंपिक १५०० मीटर शर्यत १५ मिनिटं ३७.३४ सेकंदांत जिंकली. पॅरिसला २०२४ मध्ये परत जिंकली, तेव्हा १५:३०.०२. आणि ८०० मीटर तर २०१२ पासून सलग चार ऑलिंपिकमध्ये तिचंच. विचार करा, तिचा जन्म २५ वर्षं आधी झाला असता तर तिलाही ८०० वरच थांबावं लागलं असतं.

"बायकांना झेपणार नाही" म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट कधी तपासलीच नाही. पोहण्यात अंतर वाढत जातं तसा बायका आणि पुरुषांमधला फरक कमी होतो. पॅरिस ऑलिंपिक संपलं तेव्हाचे विश्वविक्रम घ्या. १०० मीटरला पुरुषांचा ४६.४० सेकंद, बायकांचा ५१.७१, फरक सुमारे ११ टक्के. १५०० मीटरला पुरुषांचा १४ मिनिटं ३०.६७ सेकंद, बायकांचा १५ मिनिटं २०.४८, फरक सहा टक्क्यांच्याही आत. कारण आपल्या अंगातच आहे. बाईच्या मांड्या-कमरेवर चरबी जास्त, ती पाण्यात तरंगते, पाय वर राहतात आणि पाण्याचा अडथळा कमी होतो. ताकद लागते ती छोट्या शर्यतीत. लांब पल्ल्यात अंग पाण्यावर आडवं राहणं महत्त्वाचं. म्हणजे जे अंतर आमच्या अंगाला सगळ्यात जास्त मानवतं तेच सगळ्यात उशिरा दिलं गेलं. गर्ट्रूड एडर्लेनं १९२६ मध्येच हे दाखवून दिलं होतं. इंग्लिश खाडी क्रॉलनं (फ्रीस्टाइलला सगळे वापरतात त्या पद्धतीनं) पोहून तिनं साडेचौदा तासांत पार केली, तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा सुमारे दोन तास कमी.

मी हे सगळं मॅनेजरना सांगितलं नाही. कोचताईंना सांगितलं. त्यांनी मालकांशी बोलून कडेची एक नंबरची लेन महिलांच्या तासात पूर्ण लांबीची मोकळी करून घेतली. बाकी अर्ध्यात शिकणाऱ्या बायका, कडेला आम्ही पोहणाऱ्या, खोल बाजूला एक जीवरक्षक. इतकं सोपं होतं. माझी सातवीतली लेक आता त्या लेनमध्ये ४०० मीटर पोहते, म्हणजे १६ फेऱ्या, आणि दर फेरीला भिंतीला पाय लावून वळते. अर्ध्या टँकमध्ये असं वळायला ती कधी शिकलीच नसती, दोराला कुठे पाय लावणार?

टँकभोवतीच्या त्या हिरव्या जाळीबद्दलही लिहायला हवं. मला ती हवी आहे. माझं माहेर रावेर तालुक्यातलं. आमच्या गावात पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या घ्यायची आणि आम्ही पोरी पायऱ्यांवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. पोरींनी विहिरीत उतरायचं नाही, कारण कोणीतरी बघेल. ही जाळी नसती तर आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणी आजही उतरल्या नसत्या. पण जाळी सुरुवातीपुरती असावी. फॅनी ड्युरॅकच्या काळी ऑस्ट्रेलियातल्या तिच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात बायकांच्या पोहण्याच्या संस्थेचाच नियम होता की पुरुष प्रेक्षक असतील तिथे बायकांनी स्पर्धेत उतरायचं नाही. रोझ स्कॉट या तिथल्या अध्यक्षा. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढलेल्या मोठ्या बाई, आणि या मुद्द्यावर मात्र ठाम विरोधात. लोकांनी आवाज उठवला, वर्गणी जमली, तेव्हा कुठे ड्युरॅक आणि वायली स्टॉकहोमला पोहोचल्या. म्हणून मला वाटतं, टँकवर महिला बॅच असावी आणि शिवाय सकाळच्या वेळेत बायकांना यायला मज्जावही नसावा. इथे तो आहे. "सकाळी जेंट्स असतात" एवढंच उत्तर मिळतं. बँकेत, दवाखान्यात, कोर्टात नोकरी करणारी बाई दुपारी चारला कशी येणार? मला उन्हाळ्यात सकाळची शाळा असते म्हणून जमतं.

एका गोष्टीबद्दल टँकला पूर्ण गुण देते. शेजारच्या जिमसारखे इथे पावडरीचे डबे विकायला ठेवलेले नाहीत. कोचताई मुलींच्या आयांना स्पष्ट सांगतात, भाकरी, डाळ, अंडी, केळी, बास. १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीनं पोहणाऱ्या कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून निळ्या गोळ्या दिल्या, त्या पुरुषी हार्मोनच्या होत्या. पदकांचा ढीग पडला आणि त्या मुलींची शरीरं आयुष्यभरासाठी बिघडली. आपल्या मुलीला कोणी काय खायला सांगतंय यावर आयांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं.

दमा आहे म्हणून घाबरणाऱ्या एक वहिनी आमच्यात आहेत. त्या डॉक्टरांना विचारून आल्या, काठाजवळच्या जागेत पोहतात, पंप पिशवीत असतो. त्यांना मी डॉन फ्रेझरबद्दल सांगितलं. लहानपणी दमा असलेली ही बाई १९६२ मध्ये १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारी जगातली पहिली स्त्री ठरली आणि ५६, ६० आणि ६४ अशा तीन ऑलिंपिकमध्ये लागोपाठ तीच शर्यत जिंकली. आपल्याकडची आरती साहा ११ वर्षांची असताना १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेली, सोबत डॉली नझीर होती. पुढे २९ सप्टेंबर १९५९ ला आरती इंग्लिश खाडी पोहणारी पहिली आशियाई स्त्री झाली. पॅरिसला २०० मीटर फ्रीस्टाइलला उतरलेली आपली धिनिधी देसिंघू १४ वर्षांची होती. माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. लेकीनं तिचा फोटो वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवला आहे.

आणखी दोन तक्रारी. डिसेंबर-जानेवारीत महिला बॅच बंद ठेवतात, पुरुषांची चालू असते. पाणी गार असतं हे खरं, पण ते दोघांनाही सारखंच गार असतं. आणि मे महिन्यात पाणीटंचाई झाली की पहिली कात्री लागते ती आमच्याच तासाला. महिन्याचे पैसे घेतले असतील तर बुडालेले दिवस पुढे धरले पाहिजेत. आम्ही तसा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी दिला आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

फी महिन्याला बाराशे, तीन महिन्यांची एकदम भरली तर थोडी कमी. डॉक्टरांचा फिटनेस दाखला आणि दोन फोटो लागतात. कॅप, गॉगल, सूट स्वतःचा न्या, काउंटरवर मिळणारे गॉगल आठवड्यात गळायला लागतात. शिकायला जाणार असाल तर डोळे मिटून जा, कोचताई निभावून नेतील. पोहता येत असेल तर पैसे भरण्याआधी एक नंबरची लेन अजून पूर्ण लांबीची आहे ना, ते स्वतः आत जाऊन बघून या. दोर पुन्हा आडवा दिसला तर काउंटरवर सांगा, आणि आम्हालाही सांगा. आम्ही चार वाजता तिथेच असतो.